आठव्या दिवसाचं पोर

मोगलाईतून परतून मला महिना झाला, तरी दुकानात कपडे टाकायला येणारा जो तो अजून विचारतो, "मास्तर, तिकडं चोर भेटले का?" नगरच्या माणसाला निजामाच्या मुलखाबद्दल एवढंच ऐकायचं असतं. तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच काढतो, म्हणजे माझी कात्री तरी चालू राहील. चोर मला भेटला नाही. भेटला अशी मात्र माझी खात्री झाली होती, आणि ती मी भर चावडीत बोलून दाखवली. हा सगळा कागद काळा करतोय तो त्या बोलण्यापायी.

मी जातीनं आणि धंद्यानं शिंपी. नगरच्या लष्करात पलटणीचे डगले शिवण्यात माझी सारी उमर गेली. तिथं परेडीला एका बटणाचा मेळ चुकला तर शिपायाला शिक्षा आणि शिंप्याला शिव्या. त्यामुळे माणूस समोर आला की मी आधी खांदा बघतो, मग बटणं, मग काजं, आणि वेळ उरला तर तोंड. घरची म्हणते, "तुमचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नाही." नाहीच. सावली कधी मापात असते का?

जायचं कारण माझी गोदा. तिला बीड तालुक्यात दिली आहे, लिंबागणेशपासून दीड कोसावरच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझ्याबरोबर त्या गावाचीही थोडी शोभा आहे. गोदाची पहिली मुलगी दोन वर्षांखाली देवीच्या साथीत गेली. पत्र मला बारा दिवसांनी मिळालं. नात गेली त्या दिवशी मी इथं कुणा साहेबाच्या पाटलोणीला पट्टी लावत बसलो होतो, हे आठवलं की अजून सुई बोटात जाते. आता गोदाला मुलगा झाला, सात महिन्यांचा, आणि माघात जावयाचं कार्ड आलं की शेजारच्या वाडीत पुन्हा देवी उठल्या आहेत. म्हटलं, बस्स. उठायचं, गोदाला आणि बाळाला गाडीत घालायचं आणि नगरला आणायचं.

करोडगिरीचा नाका

जामखेडपर्यंतच्या रस्त्याचं काय सांगू, धूळ आपल्याकडचीच. तिथून बैलगाडी केली. हद्दीवर निजामसरकारचा जकात नाका आहे, त्याला तिकडं करोडगिरी म्हणतात. तिथला दाढीवाला कारकून माझं गाठोडं सोडून बसला. नातवासाठी शिवलेली कुंची, दोन अंगडी, माझी कात्री आणि मापाची फीत. फीत त्यानं लांबलचक उलगडली.

"हे कशाचं माप? जमिनीचं?"

"माणसाचं."

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मीही त्याला न्याहाळलं. त्याच्या अंगरख्याची डावी बगल उसवलेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. सरकारी माणसाला बगल दाखवू नये. शेवटी त्यानं फीत गुंडाळून परत दिली आणि म्हणाला, "जाव मियाँ, मापते रहो."

पाटोद्याकडून पुढं बालाघाटाचा चढ लागतो. एका अंगाला उघडे माळ, दुसऱ्या अंगाला काळीभोर रानं, आणि त्यात माणूस बुडेल एवढी ज्वारी. गाडीवानानं एका ओळखीच्या शेतात बैल सोडले. तिथं हुरडा भाजत होते. गरम हुरडा, तिळाची चटणी आणि गुळाचा खडा! आपण नगरचे लोक बाजरीची फुशारकी मारतो, पण खरं सांगतो, मी तिथं तीन वेळा हात पुढं केला. शेतमालकीण मात्र माझ्याकडं बघेना. गाडीवानाला बाजूला घेऊन विचारत होती, "ह्यो कोटवाला कोन? कावून आलाय?"

गाडीवानानं मला गावात सोडलं नाही. वेशीवर लिंबाच्या डहाळ्या टांगलेल्या दिसल्या, तसे त्यानं बैल फिरवले. "देवीचं गाव हाय बाबा. तुमी उतरा. मला लेकरं हायेत," म्हणाला आणि गेला. डोक्यावर गाठोडं घेऊन मी वेशीतून आत शिरलो.

जावयाचं गाव

गोदा वाळली होती. पण मांडीवरचं पोर गुटगुटीत. मी कुंची घातली तर डोकं मावेना. जावई एकनाथ आठवडी बाजारात बंड्या शिवून विकतो, सरळ माणूस आहे, शिवण जरा लांब टाक्याची घालतो. मी रात्री जेवता जेवता येसराच्या आमटीची तारीफ केली आणि सकाळी निघायची गोष्ट काढली, तशी विहीणबाईंनी पळी खाली ठेवली.

"याही, देवी रानात हिंडतीया. तवर लेकुरवाळीनं वेस वलांडू न्हाई."

"आणि वेशीच्या आत देवी आली तर?"

"आली तर आपल्या घरात आली. वाटंत गाठली तर कोन हाय आपलं?"

एक दिवस थांबलो, दुसरा दिवस थांबलो. तेवढ्यात गावात वेगळीच कुणकुण सुरू झाली. मी अंगड्यासाठी नातवाच्या दंडाचं माप घेत होतो, ते शेजारणीनं कुडातून पाहिलं. दुपारपर्यंत गावभर झालं की शिंप्याकडं सरकारचा माणूस उतरलाय, पोरांची मापं घेतोय, बीडला नदीवर पूल बांधायचाय त्याच्या पायात बळी म्हणून गाडायला. आयाबायांनी पोरं घरात कोंडली. पाटलांनी मला चावडीवर बोलावलं. मी फीत, कात्री सगळं त्यांच्यापुढं मांडलं, लष्करातलं काम सांगितलं आणि खात्री पटावी म्हणून तिथल्या तिथं त्यांच्या बंडीची बगल दुरुस्त करून दिली. पाटील खूश झाले. चारचौघांत म्हणाले, "गडी जाणता हाय." मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला.

खाकी लांब कोट, पितळेची बटणं, छातीवर उर्दू अक्षरांचा बिल्ला, कमरेला लाल पट्टा, काखेत पत्र्याची डबी. मागं एक बाई, काखेत वर्षभराचं पोर, त्याच्या दंडावर फडकं. माणूस बारका, मानेचं हाड वर आलेला. त्यानं चावडीपुढं सलाम केला.

"पाटील, मी चाँदभाई, देवी टोचणारा. ह्या पोराला टोचून आज आठवा दिवस हाय. ह्याच्या दंडावरच्या फोडाचं पाणी तुमच्या पोरांना लावायचं. पोरं जल्दी आणा."

पाटलांनी बाईकडं पाहिलं. "बाई कुठली? पोर कुणाचं?"

"आठव्या दिवसाचं पोर हाय."

"जात इचारतोय बे मी!"

"आठव्या दिवसाचं पोर हाय, पाटील. ह्याच्यापुढं सांगायचं न्हाई. आमच्या खात्याची जुनी रीत हाय."

झालं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. जात सांगत नाही म्हणजे काहीतरी लपवतोय. पाटील माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमी सरकारी डगले शिवता. ह्यो खरा का खोटा, सांगा."

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी उठलो, चाँदभाईभोवती एक फेरी मारली. कोटाचे खांदे त्याच्या खांद्यांवरून चार बोटं खाली लोंबत होते. बाह्या दोनदा दुमडलेल्या. बिल्ल्याची जागा बदललेली, जुनी भोकं रफू केलेली. आणि बटणं! पाच बटणांत चार तऱ्हा, वरच्या दोनांवर तेवढी पगडीची छाप. लष्करात असा माणूस फाटकातून आत आला नसता.

मी म्हणालो, "हा कोट ह्याच्या अंगाचा नाही. बटणं चार ठिकाणची आहेत. कोट चोरीचा आहे, नाहीतर मेलेल्या माणसाच्या अंगावरून काढलेला."

चाँदभाईनं मला विचारलं, "तुम्ही शिंपी?"

"हो."

"तुम्हाला दिसलं ते बराबर हाय, मास्तर. पण ऐका तर..."

त्याला कुणी बोलू दिलं नाही. पहिलं ढेकूळ कुठून आलं ते मी पाहिलं नाही. पाठोपाठ दगड आले. एक त्या बाईच्या घोट्यावर बसला आणि ती मट्कन खाली बसली. चाँदभाईनं कोटाची पाखं पसरून तिला आणि पोराला आत घेतलं, आणि तशीच पाठ आमच्याकडं करून तो त्यांना वेशीबाहेर घेऊन गेला. त्या मोठ्या कोटात ती दोघं पुरती झाकली गेली होती. हे मी पाहिलं. पाहूनही मला काही वाटलं नाही, उलट मी मिशीवरून हात फिरवला.

घरी आलो तर गोदा उंबऱ्यात बाळाला घेऊन बसलेली.

"अण्णा, तुम्हाला कोट दिसला," ती म्हणाली. "मला त्याच्या काखेतली टोचायच्या नस्तराची डबी दिसली. माझी पोर गेली त्याच्या आधी महिनाभर हाच माणूस आलता. तवाबी गावानं असाच हाकलला. दोन वर्षं मी त्याची वाट बघतेय, आणि आता तुम्ही..."

"चोराच्या हातात नातू देऊ का?" मी ओरडलो. ती बाळाला घेऊन आत गेली. माझ्या पोरीनं मला तोंड चुकवलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं, आणि मला राग तिचा आला, माझा नाही.

लिंबागणेश

डोकं शांत व्हावं म्हणून एकनाथला घेऊन मी लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला निघालो. पायवाट करडईच्या रानातून जाते आणि काटे धोतराला सोडत नाहीत. एकनाथ माझ्यापुढं दहा पावलं चालत होता. जावई पाठ करून चालला की सासऱ्यानं समजावं, पण मी तेव्हा समजण्याच्या पलीकडं गेलो होतो. देवळात गेलो, हात जोडले, काय मागायचं ते सुचेना.

बाहेर आलो तर पायरीशी एक म्हातारा दूर्वांच्या जुड्या बांधत बसलेला. बसलेला असूनही उभ्या माणसाच्या कमरेच्या वर येत होता. त्याच्या बंडीला गळ्यापाशी बंद नव्हता, पितळेचं बटण होतं. आणि बटणावर तीच पगडीची छाप, सकाळच्या कोटावर वरच्या बाजूला होती तीच!

माझ्या अंगात पोलीस शिरला. "हे बटण कुठलं?"

"पुसता कावून? तुमी चौकीचे हाव का?"

"मी शिंपी आहे."

"मंग बसा," म्हातारा हसला. "आजवर ह्या बटणाचं कोनी पुसलं न्हाई. माझं नाव शिदोबा. तालुक्यात देव्या टोचायचं काम निघालं तवा पयला गडी मी. हैदराबादेहून माझ्या मापाचा कोट आलता. तालुक्याला एकच कोट. माझी नजर गेली तवा दुसऱ्या गड्याला दिला. कोट द्यायचा, नस्तराची डबी द्यायची, अन् एक जुनं बटण काढून आपलं न्यायचं. आमच्यात अशी चाल हाय. पुढचा गडी मिळंल तसलं नवं बटण लावतो. दुसरा त्याचं बटण घेऊन पैठणाकडं गेला. तिसरा प्लेगात मेला, त्याचं बटण त्याच्या बायकूच्या गळ्यात हाय. चाँद चौथा."

मी त्याच्या खांद्यांकडं पाहिलं. फितीची गरजच नव्हती. सकाळी मी ज्या कोटाभोवती फिरलो त्याचे खांदे या माणसाच्या अंगाचे होते.

"मग चाँदभाईनं कोट कापून आपल्या मापाचा का केला नाही?" मी कसंबसं विचारलं.

"अन् त्याच्या मागून माझ्याएवढा गडी आला तर?"

मग आम्ही कुठल्या गावचे ते विचारून तो म्हणाला, "आज तो तुमच्याच गावाकडं जाणार होता की. कवा आला?"

मी सांगितलं. काय झालं ते सगळं सांगितलं, माझ्या तोंडातून निघालेलं वाक्यही सांगितलं. म्हाताऱ्याच्या हातातली जुडी सुटली. तो उभा राहिला, आणि त्याचा आवाज एकदम चढला.

"आज आठवा दिवस हाय, कळतंय का? आज त्या फोडात साफ पाणी हाय. उद्या गढूळ होतंय, मंग कुणालाच लावता येत न्हाई. हैदराबादेच्या लशीच्या नळ्या इथवर येस्तवर उन्हानं नासत्यात. म्हणून ह्या पोराचं त्या पोराला, एका गावातनं दुसऱ्या गावाला, असं दिवाळीपासून त्यानं तेवत आणलंय. एक आठवडा चुकला तर सगळं इझलं. अन् तुमी बटणं मोजली!"

शेजारच्या वाडीत उठलेली देवी, माझा नातू, त्याचा तो गुबगुबीत दंड, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी एकनाथचा हात धरला आणि पळत सुटलो. या वयात, धोतर वर खोचून, करडईच्या काट्यांतून!

ओढ्याकाठी

पुढच्या गावाच्या वाटेवर ओढ्यात ती दोघं सापडली. बाई पाण्यात पाय सोडून बसली होती, घोटा टम्म सुजला होता. चाँदभाई पोराच्या तोंडावर कोटाची सावली धरून उभा होता. आम्हाला बघून त्यानं आधी आमच्या मागं पाहिलं.

"किती माणसं पाठीमागं ठेवलीत, मास्तर?"

"कुणी नाही. आम्ही दोघंच. मी चुकलो. शिदोबा भेटला. परत चला."

"सकाळी कोट चोरीचा होता."

"आता नाही."

"म्हंजी सांजच्याला परत होईल," बाई म्हणाली. तिचं नाव सगुणा. "आला का पुन्यांदा मोजायला? हे घे, मोज. किती सुजलाय त्ये."

मी खाली बसलो आणि तिच्या पोरापुढं हात जोडले. रडू आलं होतं आणि मी ते लपवलं नाही. चाँदभाई मात्र हलला नाही. त्याला वाटलं, गावात नेऊन हा म्हातारा आपल्याला बांधून घालणार. त्याचं काय चुकलं? त्याच्या जागी मी असतो तर म्हाताऱ्याचं गाठोडंसुद्धा तपासलं असतं.

सगुणाच म्हणाली, "तुझ्या घरात लेकरू हाय का?"

"नातू आहे. सात महिन्यांचा."

"त्येला पयलं टोचायचं. तुझ्या डोळ्यांदेखत. व्हय म्हण, न्हाईतर मी इथनं उठत न्हाई."

खरं सांगतो, मी आधी तिच्या पोराच्या दंडावरचं फडकं पाहिलं. कुणा अनोळखी पोराच्या फोडातलं पाणी माझ्या नातवाच्या रक्तात? नासलं तर? त्यालाच ताप भरला तर? पहिली गेली तेव्हा मी नव्हतो, दुसऱ्याला मी स्वतःच्या हातानं घालवायला निघालो तर? आणि ह्या बाईनं तरी आपलं पोर असं कुणा कोटवाल्याच्या मागं का काढलं असेल? पण आता संशय घेत बसायला दिवस उरला नव्हता. ऊन कलत होतं.

"होय," मी म्हणालो.

एकनाथनं कडब्याच्या पेंढ्या नेणारी एक गाडी थांबवली. पेंढ्यांवर सगुणाला बसवलं. तिचं पोर माझ्या मांडीवर. त्यानं माझी मिशी धरली आणि गाव येईपर्यंत सोडली नाही.

चावडीपुढं पुन्हा गर्दी. पाटील उखडले. "सकाळी खोटा, आता खरा? मास्तर, तुमी हाव तरी कुणाचे? ह्यानं चारलं काय तुमाला?"

"मी चुकलो, पाटील. मला कपडा कळतो, माणूस कळत नाही," मी म्हणालो. "माझा नातू पहिला टोचा. त्याला काही झालं तर मला ह्याच वेशीत गाडा."

गोदा आधीच येऊन उभी होती. ती सगुणाच्या समोर मांडी घालून बसली. मी नव्या अंगड्याची डावी बाही माझ्याच कात्रीनं खांद्यापर्यंत उसवली. चाँदभाईनं सगुणाच्या पोराचं फडकं काढलं. फोड टपोरा, पाणी नितळ. त्यानं नस्तराचं टोक त्यात बुडवलं आणि माझ्या नातवाच्या दंडावर तीन बारीक ओरखडे काढले. नातवानं जो टाहो फोडला तो अजून माझ्या कानात आहे. गोदा मात्र हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय.

मग एक कुंभारीण पुढं आली. मग तेल्याची सून. सूर्य बुडायच्या आत सहा पोरं टोचून झाली. पाटलांच्या घरचं कुणी आलं नाही.

आठ दिवस

यातले दिवस लिहिण्यासारखे नाहीत आणि विसरण्यासारखेही नाहीत. चाँदभाई आणि सगुणा चावडीच्या ओसरीवर राहिले. मी नातवाच्या पाळण्याशी. तिसऱ्या दिवशी पुळी आली. सहाव्या दिवशी ताप. मी चाँदभाईला दिवसातून दहा वेळा बोलावून आणायचो आणि तो दहाही वेळा यायचा, दंड बघायचा, म्हणायचा, "बराबर चाललंय." मी त्याच्या तोंडाकडं बघायचो, खरं बोलतोय का ते शोधायचो. सवय एका दिवसात जाते का?

बसल्या बसल्या मी त्याच्या कोटाची पाचही बटणं दुपदरी दोऱ्यानं घट्ट करून दिली. परत घेताना त्यानं एकेक बटण बोटानं मोजलं. "मास्तर, हिशेब बराबर हाय," म्हणाला, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो. नातवाच्या अंगड्यांनाही मी डाव्या बाहीला खांद्यापर्यंत चीर देऊन नाडी लावली, म्हणजे दंड उघडायला सोपं.

सातव्या दिवशी ताप उतरला. फोड टपोरा झाला. मी बाहेर जाऊन लिंबाच्या बुंध्याला टेकलो. सगुणा त्याच दिवशी आपल्या घराकडं परतली. जाताना मला म्हणाली, "आता तुझी पाळी."

पुढचं गाव

आठव्या दिवशी सकाळी चाँदभाई दारात आला. गोदानं बाळाला पदराखाली घेतलं. मी विहीणबाईंकडं पाहिलं. लेकुरवाळीनं वेस ओलांडायची नव्हती ना? त्यांनी नातवाच्या गालाला काजळाचं बोट लावलं आणि म्हणाल्या, "देवी त्येच्या दंडावर बसलीया. आता त्येला कोन अडवनार?"

पुढं चाँदभाई, मागं गोदा, तिच्यामागं मी. थोड्या वेळानं गोदा दमली आणि बाळ माझ्या काखेत आलं. पोर जड असतं हो! नगरच्या लष्करात इतकी वर्षं काढली, पण अशा कवायतीला मी कधी निघालो नव्हतो.

गावच्या पारापाशी लोक जमले. चाँदभाईनं सलाम केला, सांगितलं, पोरं आणा. कुणी हललं नाही. गर्दीतून एक सोनार पुढं आला. डोळे बारीक करून त्यानं चाँदभाईभोवती एक फेरी मारली. ती फेरी माझ्या चांगल्या ओळखीची होती.

"ह्या बटणांचं पितळ एका वितळणीचं न्हाई," सोनार म्हणाला. "कोट ह्येचा न्हाई."

मागं एका माणसानं वाकून ढेकूळ उचललं. मी ते पाहिलं.

सोनार माझ्याकडं वळला. "तुमी कोन? पोर कुणाचं हाय?"

काय काय माझ्या ओठांवर आलं म्हणून सांगू! हा माझा नातू. नगरच्या लष्करातल्या नावाजलेल्या शिंप्याचा नातू. आमचं कुळ विचारा, आमची शिवण विचारा. ह्याची बहीण ह्याच तालुक्यात गेली, माझ्या माघारी, तेही विचारा. मी चाँदभाईकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत उभा होता.

"आठव्या दिवसाचं पोर आहे," मी म्हणालो.

"कुणाचं, इचारतोय मी."

"आठव्या दिवसाचं. ह्याच्यापुढं सांगायचं नाही."

बाळाला छातीशी धरून मी त्या ढेकळाकडं पाठ केली आणि बाहीची नाडी सोडली. सोनार वाकला. मी बटणं बघतो तसा त्यानं तो फोड पाहिला, अगदी जवळून, श्वास रोखून. मग मान न वळवता त्यानं घराकडं हाक दिली.

"सूनबाई, लेकराला घेऊन या."